औषध लागू पडेल का? हेपॅटायटिस सी, बायका आणि रक्ताचे रिपोर्ट

माझ्या मावशीला १९८४ साली दुसऱ्या बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला म्हणून दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. जीव वाचला, बाळही छान होतं, घरातले सगळे ती गोष्ट विसरून गेले. पंचवीस वर्षांनी हर्नियाच्या ऑपरेशनआधी ज्या नेहमीच्या रक्त तपासण्या करतात त्यात हेपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा लिव्हरचा व्हायरस, पॉझिटिव्ह आला आणि गावात लगेच सुरू, हिला कसं काय झालं, ही तर घराबाहेरही फार पडत नाही. अहो, हा व्हायरस शोधलाच गेला १९८९ मध्ये. १९८४ ला जगातल्या कुठल्याच ब्लड बँकेला तो तपासता येत नव्हता, त्यामुळे बाळंतपणात नाहीतर ऑपरेशनमध्ये रक्त चढवलेल्या कितीतरी बायकांच्या अंगात तो असाच गुपचूप आला आणि बसून राहिला.

तेव्हापासून मावशीची फाईल माझ्याकडे असते. आता ओळखीपाळखीच्या बायकापण रिपोर्टचे फोटो पाठवतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो, "औषध लागू पडेल का गं, रक्तावरून आधी कळतं का?" कळतं, बऱ्यापैकी कळतं. पण २०१० मध्ये ज्या रिपोर्टांवरून कळायचं ते आणि आज ज्यावरून कळतं ते यात खूप फरक पडलाय, आणि यात बाईचं वय, तिची पाळी, तिचं हिमोग्लोबिन या गोष्टी कुठे कुठे येतात ते कोणी धड समजावून सांगत नाही म्हणून हे लिहितेय.

आधी जुनं औषध समजून घेऊ, कारण सगळे मार्कर, म्हणजे औषध लागू पडेल का याचा आधीच अंदाज देणाऱ्या खुणा, त्याच काळात शोधले गेले. मावशीला २०१० मध्ये पेग-इंटरफेरॉनचं आठवड्याला एक इंजेक्शन आणि रोज रिबाविरिनच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. तिचा जिनोटाइप १, म्हणजे व्हायरसची ती जात जिला पूर्ण ४८ आठवडे औषध लागायचं. इंटरफेरॉन म्हणजे काय, तर व्हायरस शिरला की आपल्याच पेशी जो धोक्याचा निरोप शेजारच्या पेशींना पाठवतात तो निरोप, फक्त बाहेरून भरपूर प्रमाणात टोचलेला. म्हणजे औषध स्वतः व्हायरसला मारत नाही, ते तुमच्या शरीराला लढायला लावतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे, कारण लढणारं शरीर तुमचं असेल तर निकाल पण तुमच्या शरीरावरच ठरणार ना! वय, लिव्हरची अवस्था, साखर, हार्मोन, जीन्स, सगळंच त्यात आलं.

जीन्सचंच बघा. २००९ मध्ये आयएल२८बी नावाच्या जीनजवळच्या, डीएनएतल्या एका अक्षराचा शोध लागला. त्या जागी आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून 'सी' अक्षर आलं असेल, म्हणजे 'सीसी', तर जिनोटाइप १ मध्ये बरं होण्याची शक्यता 'टीटी' वाल्यांच्या दुपटीच्या आसपास असायची. हा जीन शरीरातलंच एक वेगळ्या प्रकारचं इंटरफेरॉन बनवण्याशी संबंधित आहे. एकदाच रक्त द्यायचं, जन्मभर बदलत नाही. आमच्याकडे तेव्हा ही टेस्ट कोणी सुचवली नाही आणि सुचवली असती तरी रिपोर्ट हातात घेऊन करणार काय होतो, दुसरं औषधच नव्हतं.

दुसरा मार्कर मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो कारण तो पहिल्यांदा ऐकला की उलटा वाटतो. आयपी-१० नावाचं एक प्रोटीन रक्तात मोजता येतं, व्हायरसशी झगडा चालू असला की लिव्हर ते सोडतं. आता आपल्याला वाटेल की झगडा जोरात म्हणजे चांगलंच, औषध दिलं की व्हायरस संपलाच. पण झालं नेमकं उलट! ज्यांचं आयपी-१० औषधाआधी ६०० पिकोग्रॅमच्या वर होतं त्यांना इंटरफेरॉन कमी लागू पडायचं. कारण त्यांच्या लिव्हरमध्ये तो धोक्याचा निरोप आधीपासूनच रात्रंदिवस वाजत होता आणि पेशींनी त्याकडे लक्ष देणं सोडलं होतं. घरात पोरावर सारखं ओरडत राहिलं की पोर निगरगट्ट होतं, मग आजोबांनी येऊन अजून मोठ्याने ओरडलं तरी काय फरक पडणार? तसंच.

मग साधे, कुठल्याही लॅबमध्ये होणारे रिपोर्ट. जीजीटी नावाचं लिव्हरचं एन्झाइम वाढलेलं असेल तर वाईट लक्षण, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा जास्त तरी वाईट. उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून, त्याला एका ठरलेल्या आकड्याने भागून एक आकडा काढतात, होमा म्हणतात त्याला, तो २ च्या वर गेला की शरीर इन्सुलिनला दाद देत नाहीये असं समजायचं आणि तिथे इंटरफेरॉनचीही डाळ कमी शिजायची. आणि एलडीएल, ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते इथे मात्र थोडं जास्त असेल तर चांगलं! हा व्हायरस रक्तात चरबीच्या कणांना चिकटून फिरतो, लिव्हरच्या पेशीत शिरायचे त्याचे रस्ते पण कोलेस्टेरॉलच्या वाहतुकीशी जोडलेले आहेत, म्हणून हा संबंध. याचा अर्थ तूप जास्त खा असा अजिबात नाही बरं का, मला एकीने खरंच विचारलं होतं.

आता बायकांचा मुद्दा. आयर्लंडमध्ये १९७७-७८ मध्ये बाळंत झालेल्या निगेटिव्ह ब्लडग्रुपच्या बायकांना अँटी-डी चं इंजेक्शन दिलं गेलं, जे आपल्याकडे पण देतात. त्यातल्या काही बॅचेस एका देणगीदार बाईच्या प्लाझ्मामधून दूषित झाल्या होत्या आणि हे उघडकीला आलं १९९४ मध्ये. या बायकांच्या वाट्याला जे आलं ते वाचताना अजूनही मला त्रास होतो, बाळ सुखरूप राहावं म्हणून घेतलेलं इंजेक्शन ते. पण त्यांच्यातल्या ३७६ जणी ज्यांच्या रक्तात व्हायरस अजून होता त्यांना लागण होऊन १७ वर्षं झाल्यावर तपासलं तेव्हा सिरोसिस, म्हणजे वण धरून धरून लिव्हर घट्ट होणं, फक्त २ टक्क्यांना निघाला. म्हणजे विशी-तिशीत लागण झालेल्या बायकांचं लिव्हर बराच काळ तग धरतं. इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी चालू असेपर्यंत भरपूर असणारं बायकांचं हार्मोन, हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात, ते लिव्हरमधली सूज आणि वण धरण्याचं काम दाबून ठेवतं.

मग पाळी गेल्यावर? इटलीत मोदेना इथल्या डॉक्टर एरिका व्हिला आणि त्यांच्या टीमने १००० पेशंटचा अभ्यास २०११ मध्ये छापला, सगळ्यांना तेच इंटरफेरॉन आणि रिबाविरिन. पाळी चालू असलेल्या बायकांपैकी ६७.५ टक्के बऱ्या झाल्या. पाळी गेलेल्यांपैकी ४६ टक्के. पुरुष ५१ टक्के. म्हणजे "बायकांना हे औषध चांगलं लागू पडतं" हे जे सरसकट म्हटलं जायचं ते अर्धंच खरं होतं, पाळी गेली की बाईला जो फायदा होता तो संपत होता आणि ती पुरुषांच्याच रांगेत जाऊन बसत होती. जिनोटाइप १ असलेल्या बायकांमध्ये तर औषध फसणार हे स्वतंत्रपणे सांगणारी एकच गोष्ट त्यांना सापडली, लवकर गेलेली पाळी. अशा बायकांच्या लिव्हरमध्ये सूज जास्त, चरबी जास्त, वण जास्त आणि सूज वाढवणारे आयएल-६ सारखे पदार्थ पण जास्त होते.

मावशीची पाळी चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली. २०१० मध्ये ती बावन्न वर्षांची होती. तिला हे कोणी विचारलंच नाही, फाईलमध्ये कुठे नोंदच नाही. मी डॉक्टरांना दोष देत नाही, तो अभ्यास तेव्हा छापून पण आला नव्हता. पण एवढी सगळी रक्तं काढली, दर आठवड्याला काढली, आणि जो प्रश्न फुकटात विचारता आला असता तो राहिला याचं मला वाईट वाटतं. पाळी कधी गेली हे पण एक प्रकारचं मार्करच आहे, त्याला सुई लागत नाही.

औषध सुरू झाल्यावर मात्र खरी परीक्षा व्हायची ती चौथ्या आणि बाराव्या आठवड्याच्या व्हायरल लोडने, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्या आकड्याने. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना तेच. चौथ्या आठवड्यात व्हायरस दिसेनासा झाला तर बरं होण्याची शक्यता खूप चांगली, हा अंदाज बाकीच्या सगळ्या मार्करांपेक्षा भक्कम होता. बाराव्या आठवड्याला निदान 'दोन लॉग' घट तरी हवी. लॉग शब्दाला घाबरायचं नाही, एक लॉग म्हणजे एक शून्य उडणं. मावशीचा सुरुवातीचा लोड १८ लाख होता, दोन लॉग म्हणजे दोन शून्यं उडून तो १८ हजारावर यायला पाहिजे होता. आला २ लाख ४० हजार. ऐकायला किती छान वाटतं, १८ लाखाचं अडीच लाखाच्या आत आलं, आम्ही तर रिपोर्ट बघून पेढे आणायच्या बेतात होतो! डॉक्टर म्हणाले की एक शून्यसुद्धा पूर्ण उडालेलं नाही, पुढचे ३६ आठवडे टोचून उपयोग होणार नाही, थांबवू. मावशी काही बोलली नाही. घरी येऊन फ्रिजच्या दारात ठेवलेलं उरलेलं एक इंजेक्शन काढलं, दुधाच्या पिशव्या परत तिथे लावल्या आणि म्हणाली, "बरं झालं बाई, ताप तरी थांबेल."

त्या ताप-अंगदुखीपेक्षा रिबाविरिनने तिला जास्त पाडलं होतं. ही गोळी लाल पेशी फोडते. हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की डोस कमी, साडेआठच्या खाली गेलं की बंद, असा नियम होता. आता आपल्याकडच्या किती बायकांचं हिमोग्लोबिन मुळात १३ असतं ते तुम्हीच सांगा. मावशीचं सुरुवातीलाच साडेदहा होतं, म्हणजे औषधाला पूर्ण डोसात टिकायला जागाच नव्हती आणि डोस कमी केला की औषध फसण्याची शक्यता वाढते. म्हणून साधं हिमोग्लोबिन हे बायकांच्या बाबतीत इंटरफेरॉनच्या काळात कुठल्याही जीन टेस्टइतकंच महत्त्वाचं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

डिसेंबर २०१३ ला अमेरिकेत सोफोसबुव्हिर या नव्या गोळीला मान्यता मिळाली आणि २०१५ पासून आपल्याकडच्या कंपन्यांच्या स्वस्त जेनेरिक गोळ्या यायला लागल्या. इथे सगळा खेळ बदलला. या गोळ्या शरीराला लढायला लावत नाहीत, त्या सरळ व्हायरसची स्वतःची नक्कल करायची यंत्रणाच बंद पाडतात. शरीर कसं लढतं हा प्रश्नच मागे पडला तर शरीराची लढाई मोजणारे मार्कर तरी काय कामाचे? आयएल२८बी, आयपी-१०, एलडीएल, पाळी, सगळ्यांचं वजन उतरलं. पाळी गेलेल्या बायकापण तितक्याच बऱ्या व्हायला लागल्या, ९५ टक्क्यांच्या वर. म्हणून आजही जर कोणी ही औषधं सुरू करण्याआधी तुम्हाला महागडी जीन टेस्ट करायला सांगत असेल तर कशासाठी असं नक्की विचारा.

पण एक गोष्ट मागे पडली नाही, लिव्हर किती घट्ट झालंय ती. भारतात सगळ्यात जास्त दिसतो तो जिनोटाइप ३ आणि त्याच्यावर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या औषधांची जोडी १२ आठवडे दिली तेव्हा सिरोसिस नसलेले ९६ टक्के बरे झाले आणि सिरोसिस असलेले फक्त ६३ टक्के. तीच गोळी, तेवढेच दिवस, एवढा फरक! म्हणून सिरोसिस आहे का नाही हे आधी कळायलाच हवं आणि त्यासाठी दरवेळी सुई घालून बायोप्सी करायची गरज नाही, साध्या तीन रिपोर्टांवरून अंदाज येतो. एफआयबी-४ म्हणतात. एसजीओटी आणि एसजीपीटी म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम्स. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. मावशीचा २०१६ चा हिशोब मी पाकिटाच्या मागे केला होता, अजून आहे फाईलमध्ये. वय ५८, एसजीओटी ६६, गुणाकार ३८२८. एसजीपीटी ६४, वर्गमूळ ८. प्लेटलेट १ लाख ३२ हजार, हजारांत १३२, गुणिले ८ म्हणजे १०५६. भागाकार आला ३.६. १.४५ च्या खाली असेल तर लिव्हर बहुधा ठीक, ३.२५ च्या वर असेल तर वण खूप वाढलेले असण्याची दाट शक्यता आणि मधल्यांना फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती घट्ट ते बाहेरूनच मोजणारी तपासणी, वगैरे करून ठरवतात. पासष्टीच्या पुढे वयामुळे हा आकडा उगाच फुगतो एवढं लक्षात ठेवा. मावशीचं फायब्रोस्कॅन केलं, तिथेही सिरोसिसच आला. म्हणून तिला १२ नाही २४ आठवडे गोळ्या दिल्या, हिमोग्लोबिन ९.८ होतं म्हणून रिबाविरिन न जोडता.

आता जुलै २०१८ पासून सरकारचा व्हायरल हेपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, तिथे ही औषधं मोफत मिळतात आणि सिरोसिस असेल तर डॅक्लाटासव्हिरऐवजी वेल्पाटासव्हिरवाली गोळी देतात. ती व्हायरसच्या बहुतेक सगळ्या जातींवर चालते, त्यामुळे जिनोटाइपच्या टेस्टवाचून बऱ्याच जणींचं अडत नाही. मावशीच्या वेळी हे असतं तर दोन पाटल्या मोडायची वेळ आली नसती.

एसजीपीटीवरून आठवलं, बायकांनी हे नीट वाचा. लॅबच्या रिपोर्टवर नॉर्मल रेंज ४० नाहीतर ४५ पर्यंत छापलेली असते, बाई असो की बुवा. इटलीतल्या निरोगी रक्तदात्यांवर २००२ मध्ये काम झालं त्यात पुरुषांसाठी वरची मर्यादा ३० आणि बायकांसाठी १९ निघाली, पुढे अमेरिकेतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी ३५ आणि २५ धरायला सुरुवात केली. म्हणजे ३६ एसजीपीटी असलेल्या बाईच्या रिपोर्टवर ठळक अक्षरात काही येत नाही, लाल खूण नाही, ती घरी जाते, आणि खरं म्हणजे तिचं लिव्हर सांगत असतं की माझ्याकडे बघा. मावशीच्या फाईलमध्ये १९९८ चा एक जुना रिपोर्ट सापडला, एसजीपीटी ३८, समोर पेनने 'नॉर्मल' लिहिलेलं. ११ वर्षं आधी कळलं असतं. आणि उलट बाजूपण आहे, एसजीपीटी अगदी नॉर्मल असूनही व्हायरस असू शकतो, त्यामुळे आपल्याकडे ब्लड बँकांना ही तपासणी सक्तीची व्हायच्या आधी, म्हणजे साधारण २००२ च्या आधी रक्त चढवलं असेल तर एसजीपीटीवर विसंबू नका, सरळ हेपॅटायटिस सी ची अँटिबॉडी टेस्ट करा.

नवीन गोळ्या सुरू करण्याआधी अजून एक रक्त चुकवायचं नाही, हेपॅटायटिस बी चं. एचबीएसएजी आणि अँटी-एचबी कोर, दोन्ही. सी व्हायरस झटकन गेला की कधी कधी दबून बसलेला बी डोकं वर काढतो आणि लिव्हरला जोरात झटका देतो, २०१६ मध्ये अमेरिकेने यासाठी या औषधांवर मोठा इशारा छापायला लावला. मूल व्हायच्या वयातल्या मुलींसाठी, प्रेग्नन्सी टेस्ट आधी करायची, शक्यतो उपचार पूर्ण करून मग चान्स घ्यायचा कारण गरोदरपणात या गोळ्या सहसा देत नाहीत आणि रिबाविरिन तर बाळाला घातकच, ते बंद केल्यावरही कित्येक महिने सांभाळावं लागतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, सोफोसबुव्हिरच्या नेहमीच्या जोड्यांना अडचण नाही पण हेपॅटायटिस सी च्या काही दुसऱ्या गोळ्यांबरोबर त्या घेतल्या की एसजीपीटी भडकतो. आपल्याकडे या गोष्टी सासूसमोर डॉक्टर विचारतात आणि सून नाही म्हणून मोकळी होते, तर डॉक्टरांना एकटीने भेटायला मागा, तो तुमचा हक्क आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचा रिपोर्ट औषध संपल्यानंतरचा आहे, जो बऱ्याच जणी करतच नाहीत. गोळ्या संपल्या, बरं वाटतंय, कोण परत जातंय? पण गोळ्या चालू असताना व्हायरस दिसत नाही याला अर्थ नाही, तेव्हा तो दबलेलाच असणार. औषध बंद करून १२ आठवडे झाल्यावर आरएनए, म्हणजे रक्तात खुद्द व्हायरस आहे का ते, तपासायचं आणि तेव्हाही नाही दिसला तर बरी झाली म्हणायचं. ही टेस्ट आणि अँटिबॉडी टेस्ट यांची गल्लत करू नका. अँटिबॉडी म्हणजे व्हायरस येऊन गेल्याची शरीरातली आठवण, ती बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं, बहुतेकदा जन्मभर पॉझिटिव्हच येते.

मावशीचा तो रिपोर्ट २०१७ ला आला, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे व्हायरस सापडला नाही. तरी दोन वर्षांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणून तिला सगळ्यांच्या शेवटी, संध्याकाळपर्यंत उपाशी बसवून ठेवलं होतं, कुठे ते लिहीत नाही. मी धावत फाईल घेऊन गेले, तिथल्या सिस्टरला आरएनएचा रिपोर्ट दाखवला, तिने शांतपणे वाचला आणि म्हणाली, "ताई, हे वरच लावा ना, फाईलच्या पहिल्या पानावर." आता पहिल्या पानावर तोच आहे, लॅमिनेट करून. त्याच्या मागे दर सहा महिन्यांच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट लावलेत, कारण व्हायरस गेला तरी सिरोसिस झालेल्या लिव्हरला कॅन्सरचा धोका राहतो आणि ती तपासणी चुकवायची नसते. पुढची तारीख मावशीने स्वतःच कालनिर्णयवर लाल पेनने गोल करून ठेवलीय.